जुने लुगडे जपायचे की त्याची हकीकत?

दंडाचे लुगडे (टोपणनाव; चर्चेची सुरुवात)
वस्त्रांवरचे आपल्याकडचे संशोधन पैठणी, शालू आणि जरीकाम यांच्यापाशीच घुटमळते. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९५१ साली भारतीय वेशभूषेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनाही बराचसा आधार शिल्पे, चित्रे आणि साहित्य यांचाच घ्यावा लागला. रोजचे लुगडे मुळात उरतच नाही; ते विरले की त्याला दंड घालतात, म्हणजे विरलेला भाग कापून उरलेले तुकडे जोडून शिवतात, दंडही फाटला की त्याची गोधडी होते आणि गोधडी झिजली की तिचे पोतेरे होते. त्यामुळे संग्रहालयात पोहोचते ते सर्वांत कमी नेसलेले वस्त्र, आणि त्यावरून आपण लोकांच्या राहणीविषयी निष्कर्ष काढतो. विद्यापीठांनी आता वापरलेली, ठिगळ लावलेली वस्त्रे त्यांच्या मालकिणींच्या माहितीसह जमवावीत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

ओटीवरून
मला हे पटत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितले की, लुगडे नेसण्याची त्यांची पद्धत आणि अंगावरचे कथलाचे, चांदीचे जड दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा ठरल्या आहेत, म्हणून त्या टाकून द्याव्यात आणि लुगडे घोट्यापर्यंत नेसावे. घडी घालून कपाटात ठेवलेल्या लुगड्यात यातले काहीच दिसणार नाही. अर्थ नेसणीत होता, आणि नेसण फक्त सांगणारीकडून किंवा नेसून दाखवणारीकडूनच कळते. शिवाय गोधडी अभ्यासासाठी घरातून नेली, तर त्या घरात त्या हिवाळ्यात कोणी काय पांघरायचे, हाही विचार संशोधकाने केला पाहिजे.

दंडाचे लुगडे
महाडचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. भाषण आपल्याकडे आहे, लुगडे नाही. त्या लुगड्यांचा पन्हा, म्हणजे रुंदी, किती होता? तो अरुंद असेल, तर घोट्यापर्यंत नेसायला नवे कापड विकत घ्यावे लागले असणार, म्हणजे त्या निर्णयाला पैशांची किंमतही होती. हे केवळ वस्तू मोजूनच सांगता येईल.

भांडेवाली गल्ली
दोघांच्याही बोलण्यातून बोहारीण निसटली आहे. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी ही बाई कापड हातात घेताच त्याची वीण, रंग आणि उरलेले आयुष्य पारखते. मानवशास्त्रज्ञ लूसी नॉरिस यांनी दिल्लीत टाकून दिलेल्या कपड्यांच्या अशाच व्यापाराचा माग काढला. मुंबई-पुण्याच्या बोहारणींवर तितक्याच तपशिलाचे काम मराठीत व्हायला हवे, कारण कपडा एका घरात संपतो तिथे दुसऱ्या घरात सुरू होतो.

ओटीवरून
बोहारणीचा मुद्दा मान्य, आणि तोही बोलण्यातूनच उलगडेल. पन्ह्याविषयी मात्र सांगते: महाडहून परतण्यापूर्वीच अनेक स्त्रियांनी नेसण बदलल्याचे चरित्रकारांनी नोंदवले आहे. इतक्या थोड्या वेळात नवे कापड कुठून येणार? त्याच लुगड्याने काम भागले असले पाहिजे.

दंडाचे लुगडे
हा युक्तिवाद मी गांभीर्याने घेते, आणि घोट्यापर्यंतच्या नेसणीला नवे कापड लागलेच असेल, हे विधान मागे घेते. तरीही आज ज्या घरांत आजीची दोन-चार लुगडी ट्रंकेत आहेत, तिथे बोलणे टिपून घेणाऱ्याने सोबत मोजपट्टीही न्यावी आणि लांबी, पन्हा, दंडाची जागा व काठाची झीज तिच्या बोलण्याशेजारीच लिहून ठेवावी. लुगडे तिच्या ट्रंकेतच राहू द्यावे.