खिडकीतून बाहेर बघून साहेब काय म्हणतो? अनुभव लिहा

सोनटक्का
लेक मँचेस्टरला शिकायला गेलीय. काल फोनवर म्हणाली, "आई, इथे सकाळी किचनमध्ये येणारा प्रत्येक जण आधी खिडकीशी जातो, काहीतरी पुटपुटतो आणि मगच किटली लावतो." मला एकदम आमचं लीड्सचं ऑफिस आठवलं. शेजारच्या टेबलावर पन्नाशीची एक बाई बसायची. बाहेर मळकी गोधडी पांघरलेलं आभाळ, आणि ही काचेशी जाऊन म्हणणार, "इट्स ट्राइंग टु ब्रायटन अप." आभाळ बिचारं प्रयत्न करतंय! दुपारी आभाळ तस्संच, पण आता "इट्स ट्राइंग टु रेन." मी नवीन होते, बावळटासारखी खरंच ढग निरखायचे. मग कळलं, आपण फक्त "हो ना" म्हणायचं असतं.
असे नमुने तुमच्याकडेही असतील. येऊ द्या.

मीठभाकर
पयला!! आमच्या खिडकीतून समोरच्या विंगचं वॉशिंग मशीन दिसतं. तेही ट्राइंगच असतं.

रातपाळी
स्कॉटलंडात ॲबर्डीनला नर्स आहे. वॉर्डात खिडकीजवळच्या बेडसाठी म्हाताऱ्यांची भांडणं. सकाळी पडदा सरकवला की ठरलेलं, "ड्रीक." म्हणजे गारठा, झिमझिम, अंधारलेलं, सगळं एकदम. पण खरी गंमत ऊन पडलं की. मी म्हटलं, काय छान ऊन आहे हो! तर एक आजोबा गंभीरपणे म्हणाले, "वुइल पे फॉर इट." आज ऊन मिळालं ना, आता भरपाई होणार. आमची आजी दृष्ट काढायची तोच सूर अगदी. चला, ब्रेक संपला.

सोनटक्का
रातपाळी, हे भारी आहे गं! डिसेंबरात तिथे उजाडतं तरी का?

रातपाळी
पावणेनऊला. साडेतीनला परत काळोख. ड्यूटी असली की ऊन फक्त वॉर्डाच्या काचेतूनच बघायचं.

घरघर_घर
घर घ्यायचं म्हणून ससेक्सच्या किनाऱ्यावर फिरत होतो. जाहिरातीत "सी ग्लिम्पसेस". बायको खूश. एजंटाने सगळं घर दाखवलं, समुद्र कुठेच नाही. विचारलं तर वरच्या बाथरूममध्ये नेलं, टबाच्या काठावर चढायला लावलं. दोन धुराडी, मध्ये राखाडी पट्टी. तो अभिमानाने म्हणतो, "ऑन अ क्लिअर डे..." आम्ही थँक्यू म्हणून सटकलो. सी व्ह्यू आणि सी ग्लिम्पसेस यांच्या किमतीत किती फरक असतो ते नंतर कळलं.

मीठभाकर
टबावर चढून समुद्र =)) =))

निवृत्त_पण_बिझी
मुलाकडे रीडिंगला होतो. पुण्यात गॅलरीत उभं राहायची सवय, तिथे बे विंडोत खुर्ची टाकून बसू लागलो. सून म्हणाली, बाबा, इथे असं बघत नाहीत, लोक कर्टन ट्विचर म्हणतात. म्हटलं मी पडदा हलवतच नाही, सरळ उघडून बसतो! समोरच्या दारावर नेबरहूड वॉचचा, म्हणजे शेजाऱ्यांनीच गल्लीवर लक्ष ठेवायच्या योजनेचा, पिवळा स्टिकर. ही योजना म्हणे १९८२ मध्ये चेशरमधल्या मॉलिंग्टन गावात सुरू झाली. म्हणजे बघायचं, पण समिती नेमून. एक दिवस त्याच स्टिकरवाल्या बाई आल्या, त्यांचं पार्सल गायब. मी रंगासकट सांगितलं कुठल्या व्हॅनवाल्याने कुणाकडे ठेवलं ते. त्यानंतर जाता-येता हात करायच्या. सुनेचा विरोध मावळला.

वाटाड्या
काका __/\__
बघण्यावरून आठवलं. लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या दहाव्या मजल्यावर गच्ची आहे. गेलो तेव्हा निम्मं पब्लिक थेम्स सोडून समोरच्या काचेच्या फ्लॅटांत बघत होतं. लोकांच्या जेवणाच्या टेबलावर काय आहे तेही दिसत होतं, मीही पाहिलं, खोटं कशाला बोलू. फ्लॅटवाले कोर्टात गेले. २०१९ मध्ये हायकोर्टाचा सूर असा की काचेचं घर घेतलंत, आता पडदे लावा. अपिलातही हरले. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात ३ विरुद्ध २ ने जिंकले.

निवृत्त_पण_बिझी
पडदे लावा सांगायला हायकोर्ट कशाला, आमची सून पुरे.

जर्सीवाली
इकडे अमेरिकेत सगळे "आउट द विंडो". मध्ये "ऑफ" घातलं की माझा मुलगा हसतो. आमच्या कॉन्व्हेंटच्या बाईंनी त्या "ऑफ"साठी पट्ट्या मारल्यात रे बाळा! पण इथे खिडकीला जाळी ठोकलेली. डोकं बाहेर काढून भाजीवाल्याला हाक मारणं शक्य नाही. भाजीवालाही नाही म्हणा.

इतिहासाचा_किडा
इंग्लंडात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता. बाथला फिरताना विटांनी बुजवलेली खिडकी दिसली की

इतिहासाचा_किडा
अर्धवटच गेलं, लिफ्टमध्ये होतो. तर गाइड प्रत्येक बुजवलेली खिडकी करामुळेच म्हणून सांगतात. तसं नाही. कित्येक पहिल्यापासून खोट्या, दर्शनी भिंत दोन्हीकडून सारखी दिसावी म्हणून.

कोकणकडा
इंग्लंडातल्या डॉलिशच्या रेल्वेबद्दल कुणी नाही लिहिलं? एक्झिटरकडून जाताना रूळ अगदी समुद्राला खेटून. फेब्रुवारी २०१४ च्या वादळात भिंत फुटली, रूळ हवेत लोंबत होते, एप्रिलपर्यंत लाइन बंद. मी गेलो तेव्हा लाट थेट काचेवर आली. मी किंचाळलो. समोरच्या गृहस्थाने पेपर खाली केला, बाहेर बघितलं, "बिट चॉपी." म्हणजे समुद्र जरासा खवळलाय. पेपर वर.

सोनटक्का
बिट चॉपी!! चहा सांडला माझा.

पहिलीच_थंडी
अवांतराबद्दल सॉरी. बर्मिंगहॅममध्ये नवीन आहे. खिडकीतून बाहेर दिसतच नाही, रोज सकाळी काचेवर आतून पाणी. चौकटीवर काळी बुरशी धरलीय. घरमालक म्हणतो तुमच्या स्वयंपाकामुळे :(

रातपाळी
कपडे आत वाळत घालतेस ना? तेच ते. बाथरूममध्ये वाळत घाल, दार लावून पंखा चालू ठेव. सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघड, थंडी वाजू दे. फोटो काढून मालकाला ईमेल कर, तोंडी नको.

जर्सीवाली
डीह्युमिडिफायर घे सरळ, हवेतली ओल शोषणारं मशीन.

पहिलीच_थंडी
ताई, किती लिटरचा? खोली छोटी आहे. आणि बिल खूप येतं का?

घरघर_घर
बाराचा बास. आमच्याकडे एक पडून आहे, बर्मिंगहॅमला आलो की देतो. व्यक्तिगत निरोप कर.