बॅटरी नवीन टाकली तरी मीटरमधला लाल लाईट जाईना

फैजपूरचा_गडी
राम राम मंडळी. घरची 2008ची डिझेल जीप आहे, केळीच्या बागेपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळ्याला तीच. 3 आठवड्यांपूर्वी धुळ्याला लग्नाला चाललो होतो, एरंडोल सोडलं अन मीटरमधला बॅटरीचा लाल लाईट लागला, पहिले मिणमिणता, रेस दिली की जायचा, मग पारोळ्याच्या पुढे लागला तो लागलाच. परत येताना रात्री हेडलाईट इतके पिवळे पडले की चुलत्यांनी विचारलं कंदील लावलाय का. दुसऱ्या दिवशी सेल मारला तर नुसतं टक टक. बॅटरीवाल्याने मीटरबिटर काही लावलं नाही, म्हणे बॅटरी गेली, नवी टाका. टाकली. 4 दिवस गाडी मस्त, आता परत तोच लाईट. वॉरंटीत बदलून मागू का?

अमयनेरना_भाऊ
भाऊ, पयले पट्टा देखी ले, मंग बाकी बठ्ठं. नवी बॅटरी लई उना तू, पन तिले कोन भरी?

जुना_वायरमन
वरच्या भाऊने हसत हसत बरोबर सांगितलं, नवी बॅटरी आणली पण तिला भरणार कोण. त्या लाईटवर चित्र बॅटरीचं असलं तरी तो सांगतो की चार्जिंग होत नाहीये. गाडी चालू असताना सगळा करंट अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा जनरेटर देतो, तो बसला की गाडी बॅटरीतलं खाते, बॅटरी जुनी असो का नवी. तुमची 4 दिवस चालली ती दुकानातून भरून आलेल्या चार्जवर.

एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी बॅटरीवर किती दाखवतं ते बघा, 12.6 व्होल्ट म्हणजे फुल, 12 म्हणजे जवळपास रिकामी. मग गाडी चालू करून जरा रेस देऊन बघा, 13.8 ते 14.5 च्या मधी हवं. मे महिन्यात दुपारी तापलेल्या इंजिनला 13.6 दिसलं तरी घाबरू नका, गरमीत व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर मुद्दाम कमी देतो. 15 च्या वर गेलं तर मात्र कटआउट, म्हणजे तोच रेग्युलेटर, गेला, बॅटरीचं पाणी उकळून जाईल. तिसरं रीडिंग थेट अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या नटावर घ्या, पाना टेकवू नका तिथे, ती वायर कायम जिवंत असते. तिथे 14 अन बॅटरीवर 12 आलं तर दोष वायर, अर्थिंग नाहीतर टर्मिनलच्या पांढऱ्या बुरशीत. दोन्हीकडे 12 आलं तर अल्टरनेटर खोला.

अन किल्ली फिरवली, गाडी अजून चालू नाही, तेव्हा तो लाईट लागायलाच पाहिजे. लागत नसेल तर तोही फॉल्टच.

बायपास_किंग
एवढं कशाला मीटर अन फीटर, गाडी चालू ठेवून बॅटरीचं एक टर्मिनल काढा, बंद पडली तर अल्टरनेटर खराब. आम्ही ट्रॅक्टरवर असंच करतो.

जुना_वायरमन
नका करू भो असं. बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं, चांगला असलेला अल्टरनेटरही डायोड उडवून बसतो अन सेन्सरच्या गाडीत कंप्युटर जातो. मीटर मिळतंय 300-400 रुपयांत.

फैजपूरचा_गडी
घेतली रीडिंग. सकाळी 12.1. गाडी चालू करून 12.0, अल्टरनेटरच्या नटावरही 12.0. रेस दिली की मधीच 13.4 जातं, परत खाली. किल्लीवर लाईट लागतो. पट्टा कडक आहे, अंगठ्याने दाबला तर जेमतेम अर्धा इंच दबतो. एक विचारायचं राहिलं, अल्टरनेटरच्या खाली काळं तेल गळलेलं दिसतं, मी इतके दिवस इंजिनचं समजत होतो, त्याचा काही संबंध?

जुना_वायरमन
तेच आहे सगळं! तुमच्यासारख्या जुन्या डिझेल गाड्यांमधी बऱ्याचदा ब्रेकचा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो, त्याला इंजिनचं ऑईल जातं. त्याचं सील गेलं की ऑईल आत कार्बनवर, म्हणजे फिरत्या रिंगांना टेकून करंट देणाऱ्या ब्रशवर येतं, कार्बन अडकतात, कधी टेकतात कधी नाही, म्हणून तुमचं 13.4 येऊन जाऊन आहे. नुसते कार्बन बदलू नका, सील तसंच राहिलं तर महिन्याभरात परत दारात याल. अन पट्ट्यावर लक्ष ठेवा, या गाडीत पट्टा तुटला तर चार्जिंगबरोबर ब्रेकचा व्हॅक्युम पण जातो, पेडल दगड होतं. कन्नडच्या घाटात असं झालं तर काय ते तुम्हीच विचार करा.

फैजपूरचा_गडी
अपडेट देतो, कारण बरेच लोक प्रश्न विचारून गायब होतात अन मग आपल्यासारखे वाचत बसतात. काल भुसावळला नेली. इलेक्ट्रिशियनने माझ्यासमोर खोलला, आत सगळा काळा चिखल, एक कार्बन तर खाचेत असा चिकटलेला जसा डिंक लावून बसवलाय, स्प्रिंग असून बाहेर येईना. पंपाचं सील टाकलं, कार्बन टाकले, आर्मेचरच्या रिंगा पॉलिश पेपरने घासल्या, बेरिंग आवाज करत होती ती पण टाकून घेतली. बॅटरी चार्जरवर रात्रभर ठेवली, रिकाम्या बॅटरीला अल्टरनेटरच्या जिवावर भरू नका म्हणे, नव्या कार्बनवर लोड येतो. सगळं मिळून 2100. आता चालू गाडीला 14.2, हेडलाईट अन एसी लावून 13.9.

अमयनेरना_भाऊ
मंग जुनी बॅटरी कुठे शे? ती बी चांगलीच व्हती ना.

फैजपूरचा_गडी
एक्स्चेंजमधी देऊन बसलो ना भाऊ, 900 रुपयांत.