मदत हवी आहे: ट्रॅपिस्ट-१बी वर हवा आहे की नाही?

मंडळी, ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या लाल बटू ताऱ्याच्या सर्वांत आतल्या ग्रहाबद्दल विचारायचंय. २०२३ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने १५ मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात त्याच्या दिवसाच्या बाजूचं तापमान मोजलं, सुमारे २३० अंश सेल्सिअस. म्हणजे उष्णता रात्रीच्या बाजूला नेणारी हवाच नाही, हे पटलं. पण पुढे १२.८ मायक्रॉनच्या मोजणीनंतर, धुरकट कार्बन डायऑक्साइडचं वातावरणही शक्य आहे असं संशोधकांनी मांडलं. हा वायू तर १५ मायक्रॉनलाच प्रारण शोषतो ना? मग ग्रह तिथे अंधुक दिसायला हवा! धुरक्याने वरचे थर तापले की तोच वायू उजळतो म्हणे. हे नेमकं कसं घडतं? आणि ग्रहाच्या पूर्ण प्रदक्षिणेभर उष्णता मोजली तर निकाल लागेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.