तात्यांवरची डॉक्युमेंटरी बघितली. कविता कुठं गेल्या?

भोगावतीकाठचा
काल कोल्हापूरच्या शाहू स्मारकात 24 मिनिटांची एक डॉक्युमेंटरी दाखवली. राधानगरी तालुक्यातले एक शेतकरी कवी, गेल्या श्रावणात वारले. गावात सगळे त्यांना तात्याच म्हणायचे, मीही तेवढंच म्हणतो. जन्मभर ऊस केला, कारखान्याच्या वजनपावतीच्या पाठीवर कविता लिहिल्या, पुस्तक एकही नाही.

पोरांनी मेहनत घेतलीय, त्याबद्दल शंका नाही. पण मी घड्याळ बघत होतो (खोड वाईट आहे, मान्य). तात्यांच्या तोंडून तात्यांची कविता किती? अडीच मिनिटं. बाकी भेगाळलेल्या टाचा, चुलीचा धूर, गळका पत्रा आणि ड्रोन. धरणावरून ड्रोन चार वेळा. 'उपेक्षित' हा शब्द निवेदनात सात वेळा. उपेक्षा ज्या कवितांची झाली, त्या मात्र ऐकायला मिळत नाहीत.

एका ठिकाणी तात्या बांधावर बसून म्हणतात:

लागण हुती बापाची, मी त्येचा खोडवा;
वरचं सारं कारखान्याला, बुडखा हितंच ठेवा.

आणि पुढची ओळ यायच्या आत बासरी सुरू! खाली इंग्रजी सबटायटल काय, तर 'लेफ्टओव्हर क्रॉप'. उरलंसुरलं पीक. मी खुर्चीत कपाळाला हात लावला.

माझं म्हणणं एवढंच. कवीवर फिल्म काढून कविता गाळली, तर तुम्ही त्याला दुसऱ्यांदा उपेक्षित केलं.

रंकाळ्यावरून
कवितावाचन ऐकायचं होतं तर कवितावाचनाला जायचं. सिनेमा चित्रातून बोलतो. याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 साली 'सावकारी पाश' काढला. मूकपट, पडद्यावर एक शब्द बोलायची सोय नाही. तरी शेतकऱ्याचं दुःख पोचलंच की. टाचांच्या भेगांतही कविता असते, बघायला डोळे पाहिजेत.

भोगावतीकाठचा
असेल. पण 'सावकारी पाश'मधला शेतकरी कवी नव्हता हो. त्याच्या टाचा दाखवल्या तर त्याची गोष्ट सांगून होते. तात्यांच्या टाचा माझ्या चुलत्यासारख्याच होत्या, आणि चुलत्यानं जन्मात एक ओळ लिहिली नाही. दोघांत फरक काय ते या फिल्मवरनं कळलं का तुम्हाला?

खोडवा-पाचट
सिनेमाचं तुमचं तुम्ही बघा, मी खोडव्यावर बोलतो, कारण हितं बरेच शहरातले हायत.

लागण म्हंजे पयल्यांदा कांडी लावून केल्याला ऊस. त्यो तुटून गेला की बुडातनं परत फुटतो, त्यो खोडवा. नांगरट न्हाई, बेणं न्हाई. एकरी टन लागणीपरास कमी पडत्यात, म्हणून लोक हेळसांड करत्यात. पण चांगला शेतकरी काय करतो? तोड झाली की बुडखं पुन्हा जमिनीसरशी छाटून काढतो. वरचं डोळं फुटलं की फुटवं कमजोर. जमिनीतनं कोंब आलं की दणकट.

आता परत वाचा तात्यांची ओळ. बापाची लागण तुटून गेली, वरचं सगळं कारखान्यानं न्हेलं, आणि माणूस म्हणतोय बुडखा हितंच ठेवा. तक्रार न्हाई ती. फुटणार हाय म्हणून सांगतोय. 'उरलंसुरलं' म्हटल्यावर सगळ्या कवितेवर तणनाशक मारल्यागत झालं.

सबटायटलवाली
या फिल्मशी माझा संबंध नाही, पण हेच काम करते म्हणून सांगते. पडद्यावर दोन ओळी, काही सेकंद. इंग्रजीत खोडव्याला 'रटून' असा शब्द आहे, पण तो लिहिला तर महोत्सवातल्या ज्युरीला खोडव्याइतकाच अनोळखी. कुणीतरी रात्री दोन वाजता, बहुतेक फुकट, काहीतरी निवडलं. चुकलं. पण मराठीत बसून हसणं सोपं आहे.

खोडवा-पाचट
हसलो न्हाई ताई. एक फोन केला असता कुठल्या बी शेतकऱ्याला, एवढंच.

सबटायटलवाली
हे मात्र खरं.

राजारामपुरी तिसरी गल्ली
एवढ्या किरकोळ गोष्टींवर भांडताय, आणि मूळ मुद्दा सुटतोय. फिल्म नसती तर हा धागा असता का? काल दीडशे माणसं तात्यांसाठी आली. आमच्या गावाकडं असं कुणी लिहिणारं असेल तर त्याच्या वह्या रद्दीत जातात. आधी माणूस कळू दे, कविता मागनं येतील.

भोगावतीकाठचा
उलटं झालंय आपल्याकडं. बहिणाबाई 1951 साली गेल्या. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, गाणी अत्र्यांना दाखवली आणि 1952 ला पुस्तक आलं. आपल्याला आधी गाणी पाठ झाली, फोटो नंतर. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर त्यातल्या कित्येक ऐकायला मिळतात. ओवी आणि गाणाऱ्या बाईचं नाव-गाव, दोन्ही शेजारी शेजारी. तिथं बाईच्या गरिबीवर कुणी बासरी वाजवत नाही.

रंकाळ्यावरून
पारी हे संग्रहालय आहे, फिल्म नाही. दोन्हींची कामं वेगळी. गिरणीत जाऊन भाकरी मागायची आणि मिळाली नाही की रागवायचं, असं चाललंय तुमचं.

भोगावतीकाठचा
गिरणीत निदान पीठ तरी मिळतं.

गौरीचा फेर
मला 'उपेक्षित' हा शब्दच खटकला. उपेक्षित कुणाच्या लेखी? तात्यांच्या पलीकडचंच आमचं गाव. पंचमीला आणि गौरीला आमच्याकडं त्यांची दोन गाणी फेरात म्हणतात. माझ्या आज्जीला दोन्ही पाठ. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाली, "कुणाची म्हंजे? आमचीच की." नाव तिला माहीत नाही. पुण्यात पुस्तक निघालं नाही म्हणजे माणूस हरवला, असं धरून चालायचं का? फिल्मवाले आमच्या गावात आलेच नाहीत.

राजारामपुरी तिसरी गल्ली
नाव माहीत नाही हीच तर उपेक्षा ना?

गौरीचा फेर
असेल. की कवीला मिळणारा सगळ्यात मोठा मान असेल? मला ठरवता येत नाही. तात्यांना काय वाटलं असतं, ते विचारायची वेळ गेली.

कॅमेऱ्यामागून
मी त्या फिल्मच्या टीममधला. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण खोडव्यावरचं वाचून राहवलं नाही. ते सबटायटल बदलतो. धन्यवाद काका.

अडीच मिनिटांचा आरोपही खरा आहे. आमच्याकडं नऊ तासांचं शूटिंग आहे, त्यात 31 कविता. वापरल्या नाहीत कारण तात्यांना ढास लागायची. दोन ओळी झाल्या की खोकला, मग पाणी, मग पुढची ओळ. एडिटला बसलो की ते तुटक वाटायचं, म्हणून तिथं बासरी टाकली. आणि वृद्ध माणूस खोकताना दाखवणं बरं नाही, असंही वाटलं.

भोगावतीकाठचा
टाचा दाखवणं बरं वाटलं आणि खोकला नाही?

बरं, ते राहू द्या. त्या 31 कविता तशाच्या तशा, एकेक करून, ऑनलाइन टाका. ड्रोन नको, संगीत नको. टायपिंगला मी बसतो, रविवारी मोकळा असतो.

कॅमेऱ्यामागून
टाकतो. तात्यांच्या घरी आधी विचारावं लागेल. खोकला तेवढा कापून टाकू का?

खोडवा-पाचट
कापू नका. आमच्यात तात्यांची नक्कल करणारी पोरं हायत, ती बी दुसऱ्या ओळीनंतर खोकत्यात आणि मगच तिसरी म्हणत्यात.