हॉटस्पॉटमधून व्हीपीएन पुढे जात नाही

फोनवर व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सुरक्षित जोडणी) चालू केलं की हॉटस्पॉटवरचा लॅपटॉपही आपोआप त्यातूनच जातो, असं सांगितलं जातं. साध्या अँड्रॉइडवर तसं होत नाही. हॉटस्पॉटची वाहतूक व्हीपीएनला वगळून थेट मोबाईल डेटावर जाते. त्यावर रूट न करता (फोनच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा न घेता) चालणारा उपाय म्हणजे फोनवरच प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या यंत्राच्या वतीने इंटरनेटवर जाणारा मध्यस्थ, चालवणं. 'एव्हरी प्रॉक्सी'सारखं अ‍ॅप टाका, त्यात एचटीटीपी प्रकारची प्रॉक्सी सुरू करा, पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ८०८० ठेवा. अ‍ॅप १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे फक्त फोनच्या आतल्या जोडण्या घेत असेल तर बाहेरचं कुणीच जोडलं जाणार नाही, तिथे ०.०.०.० (सगळीकडून येणाऱ्या जोडण्या) हवं. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा चालवून 'डीफॉल्ट गेटवे' बघा, तोच फोनचा पत्ता; तो आणि पोर्ट विंडोजच्या प्रॉक्सी सेटिंगमध्ये भरा. सगळीकडे सांगितला जाणारा १९२.१६८.४३.१ पाठ करून ठेवू नका, नव्या अँड्रॉइडमध्ये तो बदलतो. जोडणारं यंत्र दुसरा फोन असेल तर त्याच्या वायफाय नेटवर्कच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रॉक्सी 'मॅन्युअल' करा आणि होस्टच्या रकान्यात नुसता पत्ता भरा, मागे-पुढे 'http://' वगैरे काही नको.

एवढं करूनही फक्त ब्राउझर चालतो आणि बाकी अ‍ॅप तसेच राहतात, ही तक्रार हमखास येते. ती चूक तुमची नाही: वायफायची प्रॉक्सी पाळायची की नाही हे प्रत्येक अ‍ॅप स्वतः ठरवतं, आणि यूडीपी या वेगळ्या पद्धतीने डेटा पाठवणारे गेम व कॉल एचटीटीपी प्रॉक्सीतून जातच नाहीत. पडदा बंद झाल्यावर जोडणी तुटत असेल तर प्रॉक्सी अ‍ॅपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा. विंडोजवरची प्रॉक्सी मात्र काम झाल्यावर आठवणीने बंद करा. ती एका नेटवर्कपुरती नसते, घरच्या वायफायवरही लागू राहते आणि मग एकही पान उघडत नाही.