शब्दचर्चा: सूक्ष्मनलिका कडक, दृढ की ताठर?

वेळू: पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूलला, म्हणजे प्रथिनाच्या बारीक पोकळ नळीला, सूक्ष्मनलिका म्हणायला हरकत नाही. पण तिच्या 'स्टिफनेस'ला काय म्हणावं? कडकपणा, दृढता, ताठरता असं तिन्ही वाचनात येतं. 'पर्सिस्टन्स लेंग्थ'साठी तर धड शब्दच नाही. 'चिकाटी लांबी' लिहिलं तर वाचक हसेल.

सुतार: 'कडक' आधी बाद करा. कडक पापड वाकत नाही, मोडतो. तिथे ठिसूळपणाही आत शिरतो. 'काठिण्य' खनिजांच्या ओरखड्यासाठी, मोह्सच्या मोजपट्टीसाठी ठरलेलं आहे. 'दृढता' चुकीचं नाही, पण त्यातून वाकण्याचं चित्र उभं राहत नाही. 'ताठर भूमिका' म्हणजे वाकायला तयार नसलेली भूमिका. नेमकं हेच सांगायचं असतं.

मात्र द्रव्याचा गुण आणि वस्तूचा गुण एकाच शब्दात कोंबू नका. यंग गुणांक, म्हणजे ताणाला होणाऱ्या विरोधाचं माप, द्रव्याचा असतो. त्याला छेदाच्या द्वितीय आघूर्णाने (छेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो त्या मापाने) गुणलं की त्या नळीची ताठरता मिळते. गिट्स, हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये टॅक्सॉल हे औषध घातलेल्या नलिकांची ताठरता मोजली. ती २.२ गुणिले १० चा उणे २३ वा घात न्यूटन-मीटर वर्ग आली. त्यावरून काढलेला यंग गुणांक सुमारे १.२ गिगापास्कल, म्हणजे टणक प्लास्टिकच्या घरातला. तेव्हा 'पोलादी नलिका' वगैरे लिहू नये. ताठरपणा द्रव्यातून कमी आणि आकारातून जास्त येतो: २५ नॅनोमीटर बाहेरील व्यासाची पोकळ नळी, बहुधा १३ प्रोटोफिलामेंटांची (लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी जोडलेल्या प्रथिनांच्या माळांची). वेळूच्या पोकळ काठीचंच उदाहरण घ्या की.

काचपट्टी: पर्सिस्टन्स लेंग्थला मी 'दिशासातत्य-लांबी' सुचवेन. उष्णतेच्या धक्क्यांनी तंतू हलत असताना एका टोकाची दिशा किती अंतरापर्यंत टिकते, ते ती सांगते. ताठरतेला बोल्ट्झमान स्थिरांक आणि निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराने भागलं की ती मिळते. वरच्याच मोजमापात ॲक्टिन या पेशीतल्या दुसऱ्या, बारीक प्रथिनतंतूची १७.७ मायक्रोमीटर आली आणि सूक्ष्मनलिकेची ५.२ मिलिमीटर, म्हणजे साधारण पेशीच्या रुंदीच्या शेकडो पट. आकडा ऐकून नलिकाच ५ मिलिमीटर लांब असते असा गैरसमज होतो, म्हणून पहिल्या उल्लेखातच खुलासा करावा.

मोजताना कुठे चुकतं, त्यावरही शब्द अवलंबून असतात. नलिका काचेला जराशी चिकटली, किंवा कॅमेऱ्याचा उघडा वेळ लांबला आणि थरथर पुसली गेली, की ती आहे त्याहून ताठर भासते. चित्रातून बिंदू टिपताना झालेली चूक उलट तिला मऊ दाखवते, विशेषतः आखूड तरंगलांबीच्या हालचालींत. दोन काचांमध्ये काही मायक्रोमीटरच फट ठेवून हालचाल सपाट पातळीत आणली असेल, तर तंतूवरच्या दोन ठिकाणच्या दिशांमधल्या कोनाच्या कोसाइनची सरासरी ज्या घातांकाने घटते त्याच्या छेदात दिशासातत्य-लांबीची दुप्पट येते. तिथे त्रिमितीचं सूत्र वापरलं की उत्तर थेट दुप्पट निघतं. म्हणून 'भासमान ताठरता' हा शब्द हाताशी ठेवा.

वेळू: मग 'टॅक्सॉलने नलिका ताठर होते' हे वाक्य चालेल?

सुतार: नाही! इथे सर्वांत जास्त घोळ होतो. टॅक्सॉल नलिकेला *स्थिर* करतं, म्हणजे ती ज्या प्रथिनाची बनते ते ट्यूब्युलिनचे घटक सुटू देत नाही. स्थिरता वेगळी, ताठरता वेगळी. बऱ्याच मोजमापांत टॅक्सॉलने नलिका उलट मऊ झालेली दिसली, काहींत ताठर. 'टॅक्सॉलने स्थिर केलेली नलिका' लिहा आणि ताठरतेचा आकडा, बफर, तापमान व पद्धत यांच्यासकट स्वतंत्र द्या. नलिका वाढताना लागणाऱ्या जीटीपी या रेणूऐवजी त्याचा सावकाश विघटन होणारा जोडीदार जीएमपीसीपीपी वापरून वाढवलेल्या नलिका मात्र जास्त ताठर निघतात. नलिकांना चिकटणाऱ्या टाऊ प्रथिनानेही ताठरता वाढलेली दिसते.

काचपट्टी: लांबीही सांगावी लागते. २००६ मध्ये पाम्पालोनी आणि सहकाऱ्यांना २.६ ते ४७.५ मायक्रोमीटर लांबीच्या नलिकांत दिशासातत्य-लांबी ११० पासून ५,०३५ मायक्रोमीटरपर्यंत वाढत गेलेली आढळली. कारण प्रोटोफिलामेंटं एकमेकांवरून किंचित सरकतात, सैल बांधलेल्या कामट्यांच्या मोळीसारखी; आखूड तुकड्यात हे सरकणंच वरचढ ठरतं. म्हणून 'सूक्ष्मनलिकेची ताठरता' असा एकच आकडा छापणं दिशाभूल करणारं.

वेळू: आणि 'बकलिंग'?

सुतार: 'दाबाने बाक येणे'. दोन्ही टोकं बिजागरीसारखी धरली तर १० मायक्रोमीटर नलिकेला सुमारे २.२ पिकोन्यूटन पुरतात. लांबी निम्मी केली की चौपट लागतात. नलिकेवरून चालणाऱ्या कायनेसिन या प्रथिनाचा एक रेणू सुमारे ६ पिकोन्यूटनपर्यंत जोर लावतो, त्यामुळे लांब नलिकेला एकटाच बाक आणू शकतो. पेशीत भोवतालचं जाळं आधार देतं. मग एक मोठा बाक न येता साधारण ३ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या वळ्या पडतात आणि नलिका बराच जास्त दाब सोसते. या वळ्यांना 'नलिका मऊ आहे' म्हणू नये.

'मऊ होणे' हा शब्द खऱ्या बदलासाठी राखून ठेवावा. २०१५ च्या प्रयोगांत द्रवाच्या प्रवाहाने पुन्हापुन्हा वाकवलेल्या नलिका मऊ होत गेल्या, आणि मोकळं ट्यूब्युलिन व विश्रांती मिळताच पुन्हा ताठर झाल्या. त्यासाठी 'झीज' नको. यंत्राची झीज आपोआप भरून निघत नाही. इथे नलिकेच्या भिंतीत नवे घटक बसतात.