सोनाराच्या दुकानात मधू दंडवत्यांचा फोटो कशासाठी?

मालवणकरीण

नमस्कार. माझे आजोबा मालवणात सोनारकाम करत. ते जाऊन आता सहा वर्षं झाली. दुकानाचा गाळा भाड्याने द्यायचा ठरला, म्हणून गेल्या रविवारी मी आणि आई सामान आवरायला गेलो होतो. ऐरण, फुंकणी, तार ओढायची जंत्री हे सगळं जागच्या जागी होतं. तराजूची लाकडी पेटी उघडली तर झाकणाला आतून वर्तमानपत्रातला एक फोटो खळीने चिकटवलेला. जाड चष्मा, हसरा चेहरा. आई बघताक्षणी म्हणाली, "हे मधू दंडवते."

मी शोधून वाचलं. ते आपल्या राजापूर मतदारसंघाचे खासदार होते, १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते. पण आजोबा उभ्या आयुष्यात चार-पाच वेळाच रेल्वेत बसले असतील आणि राजकारणावर ते घरात कधी बोलले नाहीत. देवांच्या तसबिरी भिंतीवर आणि हा फोटो पेटीत, रोज हाताखाली येईल असा. का? पेटीखाली जाड पुठ्ठ्याच्या अकरा वह्या पण सापडल्या. प्रत्येक ओळीत तारीख, गिऱ्हाईकाचं नाव, डागाचं (दागिन्याचं) वर्णन, वजन. त्यांचा याच्याशी काही संबंध आहे का? जुन्या माणसांपैकी कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा.

निवृत्त मास्तर, कणकवली

तुमच्या आजोबांचं कारण मला ठाऊक नाही, पण दंडवत्यांचा फोटो आमच्याकडे बऱ्याच घरांत होता, माझ्याही आहे.

ते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे. राजापूरचे आधीचे खासदार बॅरिस्टर नाथ पै १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात अचानक गेले आणि अख्ख्या कोकणाला घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. त्या जागेवर दंडवते उभे राहिले. १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा आम्ही त्यांना दिल्लीला पाठवलं. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात, पत्नी प्रमिलाताई येरवड्यात.

रेल्वेमंत्री झाले तेव्हा ज्या जिल्ह्याने त्यांना निवडून दिलं त्या आपल्या जिल्ह्यात रुळाचा एक तुकडा नव्हता, हे लक्षात घ्या. (सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झाला, तेव्हा सगळा रत्नागिरी जिल्हाच.) त्या माणसाने काय केलं, तर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घातला. देशभरातल्या गरीब प्रवाशाची पाठ आधी बघितली. मे १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या रेल्वे कामगारांना परत कामावर घेतलं. आपल्या बाजूला आपट्याहून रोह्यापर्यंतच्या मार्गाला त्यांच्याच काळात हात लागला, गाडी रोह्याला पोचली ती १९८६ मध्ये.

पुढचं रोह्याच्या खालचं, म्हणजे कोकण रेल्वेचं, काम १९९० मध्ये सुटलं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, असा योग जुळून आला. रेल्वेच्या नेहमीच्या तिजोरीतून हा मार्ग कधीच झाला नसता. म्हणून वेगळं महामंडळ काढलं, चार राज्यं भागीदार केली आणि बाकीचा पैसा रोख्यांतून उभा केला. महामंडळाचे प्रमुख श्रीधरन यांनी पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंच पूल बांधून दाखवला, पण खर्चाला मान्यता देणारा हात दंडवत्यांचा होता. १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा ते खासदारही नव्हते. तुमच्या आजोबांनी फोटो यासाठीच लावला असावा.

बागेसरी

मास्तरांनी सांगितलं ते सगळं खरं. पण सोनाराच्या तराजूच्या पेटीत तो फोटो रेल्वेसाठी नसतो. मी सावंतवाडीचा, वय चौऱ्याहत्तर, तीन पिढ्यांची सोनारकी. माझ्याही वडलांनी तोच फोटो लावला होता, बागेसरीच्या, म्हणजे सोनाराच्या शेगडीच्या, वरच्या भिंतीला. धुराने काळा झाला, तरी काढला नाही. गो बाय, त्या अकरा वह्यांतच तुझं उत्तर आहे.

चीनच्या लढाईनंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा, शाळेतून आलो की फुंकणी मारायला बसायचो. वडलांनी पहिल्यांदा चौदा कॅरेटचा गोळा ऐरणीवर घेतला तो दिवस मला आठवतो. बावीसचं सोनं हातोडीखाली लोण्यासारखं पसरतं. हे दोन-चार ठोक्यांत कडेने चिरायला लागलं. परत तापवलं, परत चिरलं. पत्रा काही निघेना. वडील हातोडी खाली ठेवून नुसते बघत बसले. मुहूर्तमणी करायला आलेली माणसं रंग बघून परत जायची, लग्नात असलं पिवळट-तांबूस काय घालायचं म्हणून. त्या वर्षी वडील वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात पोती मोजायला गेले. काका मुंबईला गेला तो सोनारकीत परत आलाच नाही. देशात कितीतरी सोनारांनी जीव दिल्याच्या बातम्या तेव्हा छापून यायच्या, त्या घरात कोणी मोठ्याने वाचत नसे.

सरकारचंही म्हणणं होतं, ते सांगायला हवं. परकीय चलन नव्हतं आणि दुबईची सोन्याची बिस्किटं लाँचींतून याच किनाऱ्यावर उतरत होती. पण बिस्किटं उतरवणारे वेगळे होते. त्यांना कायद्याने काय फरक पडला? भरडला गेला तो शेगडीपुढे बसणारा.

चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये गेली. मग १९६८ चा कायदा आला आणि तुझ्या आजोबांच्या वह्या सुरू झाल्या. सोनाराला दाखला हवा. आलेला-गेलेला प्रत्येक गुंजभर डाग वहीत हवा. साध्या माणसाने घरात लगड किंवा बिस्कीट ठेवायचं नाही, दागिना चालेल.

आता यातली मेख सांगतो, कारण ती न कळता आम्ही काय भोगलं ते कळणार नाही. बाई तुटकी पाटली घेऊन येते. ती दागिना आहे, तोवर ठीक. मी ती मुशीत घालून आटवतो, सवागीची (टाकणखाराची) चिमूट टाकतो, रस ओततो. त्या क्षणापासून ते दागिना राहत नाही, नुसतं सोनं होतं. पुन्हा पाटली होईपर्यंत ती माझी जोखीम. १९७४ साली एका विधवेच्या पाटल्या वडलांनी दुपारी आटवल्या आणि नोंद संध्याकाळी दिवेलागणीला करू म्हणून ठेवली. नेहमी तसंच करायचे, कारण दिवसभर हात राखेचे. चार वाजता तपासणीला अधिकारी आले. मुशीतलं सोनं अजून कोमट होतं. पंचनामा झाला, सोनं गेलं. वडलांनी आईच्या गोठांतून त्या बाईच्या पाटल्या करून दिल्या, एक गुंज कमी नाही. जप्त झालेलं सुटायला चार वर्षं लागली. तोपर्यंत वडील वही उशाशी घेऊन झोपायला लागले होते. मोटारीचा आवाज आला की उठून शेवटचं पान बघायचे.

दंडवते प्रचाराला यायचे तेव्हा आमच्यासारखे लोक त्यांना हे सांगायचे. एका सभेनंतर आमची चार-पाच माणसं त्यांना भेटली, त्यात मी होतो. त्यांनी प्राध्यापकासारखे प्रश्न विचारले. आटणी किती वेळ चालते? घट किती येते? नोंद नेमकी कधी करायची असते? आश्वासन काही दिलं नाही. डिसेंबर १९८९ मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि १९९० च्या जूनमध्ये कायदाच रद्द झाला. सावंतवाडीच्या चार सोनारांनी सांगितलं म्हणून झाला असं मी म्हणणार नाही. साऱ्या देशातले कारागीर तेच सांगत होते आणि सत्तावीस वर्षांत चोरटं सोनं काही थांबलं नव्हतं. पण मोरारजींनी आणलेलं नियंत्रण मोरारजींच्याच मंत्रिमंडळात बसलेल्या माणसाने मुळासकट काढलं. त्यांच्या आधीच्या कोणा अर्थमंत्र्याने ते केलं नाही.

बातमी आली त्या संध्याकाळी वडील दुकानात बसून होते. मला म्हणाले, "आता कोणाक भिऊचा नाय." तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. दुसऱ्या दिवशी फोटो कापून भिंतीला लावला.

नोव्हेंबरात ते सरकार पडलं आणि १९९१ च्या निवडणुकीत आपण राजापुरातून दंडवत्यांना हरवलं. माझं मत त्यांनाच होतं, पण मी लोकांच्या दारी गेलो नाही, सांगितलं नाही. लग्नसराईचं काम होतं हातात, बिनधास्त करता येत होतं, त्यातच राहिलो. ते मनाला अजून लागतं. २००५ मध्ये ते गेले, देहसुद्धा जे. जे. रुग्णालयाला देऊन गेले. आम्ही त्या दिवशी बागेसरी पेटवली नाही.

मालवणकरीण

काका, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, लहानपणी रात्री मोटार थांबली की आजोबा दुकानात जायचे, ते आम्हाला वाटायचं चोरासाठी.

अकरावी वही आज नीट बघितली. शेवटची नोंद जून १९९० मधली, मंगळसूत्राच्या दोन वाट्या, वजन लिहिलंय, खाली एक आडवी रेघ. पुढची पानं कोरी नाहीत. तिथून आजीचं अक्षर सुरू होतं: सोलं, बांगडे, हळद, दुधाचा हिशोब. आजोबांनी उरलेली वही तिला देऊन टाकली होती.

मास्तर, तुमचेही आभार. मला रोख्यांचं काहीच माहीत नव्हतं.

आणखी एक विचारायचं होतं. पेटीच्या खणात मूठभर गुंजा आहेत, लाल, काळ्या डोळ्याच्या. आई म्हणते टाकून दे. आणि पेटीसकट तराजू मी पुण्याला नेला तर चालेल ना? हलवताना काय जपायचं?

बागेसरी

गुंजा टाकू नको, त्या निवडून सारख्या वजनाच्या केलेल्या असणार, आजोबांनी आयुष्यभर जपलेल्या. तराजू नेताना पारडी सोडून वेगळी फडक्यात बांध आणि मधला काटा वाकू देऊ नको. फोटो सोडवायला जाऊ नको, खळ जुनी आहे, फाटेल. पुण्याला जायच्या आधी एक दिवस सावंतवाडीला ये, आईलाही घेऊन ये. वजनं कशी लावायची ते दाखवतो.